केंद्रित अल्ट्रासाउंड: वीज दुप्पट केली, तरी जळालेला भाग दुप्पट का होत नाही?

नाभीशोध (प्रश्नकर्ती):

नमस्कार मंडळी,

मी जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा प्रकल्प उच्च तीव्रतेच्या केंद्रित अल्ट्रासाउंडवर, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला ‘हायफू’ म्हणतात त्यावर आहे. भिंगाने ऊन एका ठिपक्यात आणून कागद जाळावा, तसे शरीराबाहेरून सोडलेले ध्वनितरंग आत एका ठिकाणी, म्हणजे नाभीत, एकवटून रोगट ऊती शिजवायच्या आणि वाटेतली त्वचा, चरबी व स्नायू यांना धक्का लागू द्यायचा नाही, हे तत्त्व पुस्तकात वाचताना सोपे वाटले होते. टाकीत पाणी भरून प्रत्यक्ष प्रयोगाला बसल्यावर तसे ते राहिले नाही.

माझ्याकडे ६० मिलिमीटर व्यासाची आणि ६० मिलिमीटर नाभीय अंतराची, १ मेगाहर्ट्झवर चालणारी सिरॅमिकची वाटी, म्हणजे विजेचे ध्वनीत रूपांतर करणारा एकाच घटकाचा ट्रान्सड्यूसर आहे. खाटकाकडून सकाळी आणलेल्या बोकडाच्या काळजात नाभी साधारण ३ सेंटीमीटर खोल ठेवून मी अँप्लिफायरवर ५० वॅट दिसतील एवढी वीज २० सेकंद दिली. काळीज कापल्यावर आत सुमारे ३.५ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर लांब असा पांढरट डाग दिसला, जो पुस्तकातल्या तांदळाच्या दाण्यासारख्या आकृतीशी बऱ्यापैकी जुळतो. त्यानंतर मी वीज १०० वॅट केली. अपेक्षा अशी होती की डाग त्याच जागी मोठा होईल. प्रत्यक्षात तो बेडकाच्या पिलासारखा झाला, त्याचे फुगीर डोके ट्रान्सड्यूसरच्या दिशेला सरकले आणि नाभीच्या पलीकडच्या बाजूला काहीच वाढ झाली नाही. मोठा भाग जाळण्यासाठी एकामागून एक असे शेजारी शेजारी मारे केले, तर काळजाचा पृष्ठभागही शिजला.

प्रयोगशाळेत मला सल्ला मिळाला आहे की आणखी मोठा अँप्लिफायर मागवावा. तो सल्ला मला पटत नाही, पण का पटत नाही हेही नीट सांगता येत नाही. उपचाराची कार्यक्षमता वाढवणे म्हणजे नेमके काय वाढवणे, आणि माझ्यासारख्या साध्या साधनांवर ते कुठून सुरू करावे, याबद्दल या विषयात काम केलेल्या कोणी मार्गदर्शन केले तर आभारी राहीन.


जुना_आंदोलक:

तुमचा प्रश्न चांगला आहे आणि अँप्लिफायर न मागवण्याची तुमची बुद्धीही चांगली आहे. मी निवृत्तीपूर्वी बरीच वर्षे अल्ट्रासाउंडच्या शक्ति-परिपथांवर काम केले, त्यामुळे माझे उत्तर थोडे विजेच्या बाजूला झुकलेले असेल, ते समजून घ्यावे.

पहिली गोष्ट अशी की तुम्ही लिहिलेले ५० वॅट हे अँप्लिफायरने पुढे ढकललेले वॅट आहेत. त्यांतले किती परत फिरले, किती सिरॅमिकमध्येच उष्णता होऊन गेले आणि किती पाण्यात ध्वनी म्हणून उतरले, हे तुम्हाला अजून माहीत नाही. ते शोधायला महागडे उपकरण लागत नाही. ध्वनी ज्या वस्तूत शोषला जातो तिला तो ढकलतो, आणि पाण्यात पूर्ण शोषल्या गेलेल्या प्रत्येक ध्वनी-वॅटमागे ही ढकल साधारण ६९ मिलिग्रॅम वजनाएवढी असते. सोनाराकडे असतो तसा संवेदनशील काटा घ्या, त्यावर रबराचा जाड शोषक बुडवून ठेवा आणि वरून ट्रान्सड्यूसर दोन-तीन सेकंद चालवून वजनातला फरक वाचा. तुमची वाटी खोलगट असल्याने कडेचे किरण तिरके येतात; अर्धकोन ३० अंश धरला तर दुरुस्तीनंतर दर वॅटमागे सुमारे ६४ मिलिग्रॅम धरावे लागतील. ही मोजणी कमी शक्तीवर करा, नाहीतर शोषकच तापून वर-खाली होऊ लागेल आणि काटा तुम्हाला भलतेच काही सांगेल.

परत फिरणारी वीज जास्त निघाली, तर अँप्लिफायर आणि सिरॅमिक यांच्यामध्ये प्रतिबाधा जुळवणारा परिपथ बसवा. एक गुंडाळी आणि एक धारित्र एवढ्यावर पुष्कळदा काम भागते. ज्या कामासाठी तुम्हाला दुप्पट क्षमतेचा अँप्लिफायर सुचवला गेला, त्याचा निम्मा भाग कदाचित काही शे रुपयांत होईल.

दुसरी गोष्ट पाण्याची. तुम्ही टाकीत कोणते पाणी वापरता, हे लिहिलेले नाही. नळाच्या पाण्यात खोलीच्या तापमानाला प्रतिलिटर सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो, आणि नाभीकडे जाणाऱ्या मार्गात तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडला की ध्वनी तिथेच विखुरतो. हे प्रमाण ३ ते ४ मिलिग्रॅमच्या खाली आणावे. पाणी उकळून हवाबंद भांड्यात थंड केले तरी चालते, पण ते उंचावरून धबधबा ओतून टाकीत सोडले तर केलेले सगळे काम वाया जाते. काळजाचेही तसेच आहे. खाटकाने कापलेल्या तुकड्याच्या रक्तवाहिन्यांत हवा शिरलेली असते. तो मिठाच्या सौम्य द्रावणात बुडवून निर्वात पंपाखाली ठेवा आणि त्याच दिवशी वापरा. शिवाय तो ३७ अंशांच्या पाण्यात ठेवून प्रयोग करा, कारण २२ अंशांवरून शिजवायला लागणारी उष्णता आणि शरीराच्या तापमानावरून लागणारी उष्णता यांत मोठा फरक आहे.

आता मूळ मुद्दा. मृदू ऊतींतून जाताना ध्वनी दर सेंटीमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण अर्धा डेसिबेल क्षीण होतो. म्हणजे १ मेगाहर्ट्झचा ध्वनी १० सेंटीमीटर खोल गेला तर ५ डेसिबेल गमावतो आणि निघालेल्या शक्तीचा जेमतेम तिसरा हिस्सा नाभीपर्यंत पोहोचतो. ३ मेगाहर्ट्झवर तोच हिस्सा शेकडा ३ च्या आसपास उरतो. वारंवारता कमी ठेवली तर जास्त ध्वनी पोहोचतो, पण पोहोचलेल्यापैकी कमी शोषला जातो. वाढवली तर शोषण जास्त, पण पोहोचतो थोडा. या ओढाताणीचे गणित मांडले तर नाभीच्या जागी शोषणारी शक्ती सर्वाधिक कधी होते, याचे उत्तर १० सेंटीमीटर खोलीसाठी ०.९ मेगाहर्ट्झच्या जवळ, ६ सेंटीमीटरसाठी दीडच्या जवळ आणि ३ सेंटीमीटरसाठी जवळजवळ ३ मेगाहर्ट्झ असे येते. वारंवारता वाढली की नाभी बारीकही होते, त्यामुळे हा आकडा कसोटीचा दगड म्हणून वापरावा, कायदा म्हणून नव्हे. तुमच्या ३ सेंटीमीटर खोलीला १ मेगाहर्ट्झ कमीच आहे, पण वाटी बदलता येणार नसेल तर काळजाचा जाड तुकडा घेऊन नाभी आणखी खोल न्या. प्रयोग अधिक वास्तवही होईल.

ऊती मरायला तापमान किती हवे, हाही प्रश्न आहे. सॅपारेटो आणि ड्युई यांनी १९८४ साली मांडलेल्या उष्णता-मात्रेच्या हिशेबानुसार ४३ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो. ४३ अंशांना २४० मिनिटे हा उंबरठा धरला तर ५० अंशांना दोन मिनिटांहून थोडा कमी वेळ पुरतो आणि ५६ अंशांना १.७६ सेकंद. तुमची नाभी २० सेकंदांत ८०-९० अंशांवर गेली असेल, तर मधल्या पेशी पहिल्या काही सेकंदांतच मेलेल्या आहेत आणि पुढची सगळी वीज मेलेल्यांना पुन्हा मारण्यात गेली आहे. त्यात भर म्हणजे दीड-दोन मिलिमीटर रुंदीच्या ठिपक्यातून उष्णता साधारण एका सेकंदात बाजूला पाझरते, तर ८ मिलिमीटर रुंदीच्या गोळ्यातून पाझरायला अर्धा मिनिट लागतो. बारीक ठिपका म्हणजे तळाला भोक असलेली घागर आहे. नाभी एका जागी रोखून धरण्याऐवजी ती छोट्या वर्तुळात फिरवत ठेवली, तर बाहेर पाझरलेली उष्णताही शेजारच्या ऊती मारण्याच्या कामी येते.

एक हिशेब करून पाहा. एक घन मिलिमीटर काळीज ३७ वरून ५७ अंशांवर न्यायला ०.०८ ज्यूलहूनही कमी उष्णता पुरते. तुमचा डाग लांबट गोळा धरला तर ६४ घन मिलिमीटर भरतो, आणि त्यासाठी तुम्ही अँप्लिफायरमधून १,००० ज्यूल ओढले. दर घन मिलिमीटरला १५ ज्यूलहून जास्त. एवढी गळती चालू असताना नळ मोठा करून काय होणार?


सावलीवाचक:

मी रेडिऑलॉजिस्ट आहे आणि गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठींवर एमआरआयच्या मार्गदर्शनाखाली होणाऱ्या या उपचारात काही वर्षे सहभागी होतो. वरचे उत्तर मला पटते, पण आमच्या खोलीत ‘कार्यक्षमता’ हा शब्द ज्यूलमध्ये मोजला जात नाही. तो मिनिटांत मोजला जातो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फायब्रॉइडसाठी हा उपचार २००४ च्या ऑक्टोबरमध्ये मान्य केला. त्या पद्धतीच्या यंत्रांत एकेक मारा साधारण २० सेकंदांचा असतो, आणि त्यानंतर वाटेतल्या चरबीला व स्नायूंना निवण्यासाठी थांबावे लागते, जे बहुधा माऱ्याच्या कित्येक पट लांबते. रुग्ण पालथी झोपलेली असते, तिला हलायचे नसते, आणि तीन-साडेतीन तासांच्या सत्रात ध्वनी चालू असल्याचा वेळ अगदी थोडा असतो. उरलेला सगळा वेळ आम्ही वाट पाहत असतो. तुमच्या काळजाचा पृष्ठभाग शिजला, तो हे न थांबल्यामुळेच. शेजारी शेजारी केलेल्या माऱ्यांच्या नाभी वेगवेगळ्या असल्या, तरी वरचे शंकू एकमेकांवर चढतात आणि पृष्ठभागाजवळ त्यांची उष्णता साचत जाते. म्हणून लागोपाठचे मारे एकमेकांपासून दूरच्या जागी करायचे, ही आमच्याकडची साधी पण फार उपयोगी युक्ती आहे.

नाभी फिरवण्याबद्दल श्री. आंदोलक यांनी लिहिले, ते रुग्णालयांत आलेले आहे. सोनालिव्ह नावाच्या यंत्रात २५६ घटकांच्या ट्रान्सड्यूसरने नाभी विजेनेच समकेंद्री वर्तुळांत फिरवली जाते आणि ४ ते १६ मिलिमीटर व्यासाचे उपचार-कक्ष, म्हणजे एका माऱ्यात शिजवायचे भाग, निवडता येतात. मोठा कक्ष निवडला की दर ज्यूलमागे मेलेला भाग वाढतो, पण निवण्याचा वेळही वाढतो. हे गणित दर रुग्णागणिक मांडावे लागते.

तापमान आम्ही एमआरआयनेच पाहतो. पाण्यातील प्रोटॉनची अनुनाद वारंवारता दर अंशाला दशलक्षात ०.०१ भाग सरकते. दीड टेस्लाच्या चुंबकात हा सरक फक्त ०.६४ हर्ट्झ असतो, तरी तो मोजता येतो. मात्र चरबीत हा सरक मिळत नाही. म्हणजे ज्या थराला भाजण्याची भीती सर्वाधिक, नेमक्या त्याच थराचे तापमान पडद्यावर दिसत नाही. यंत्राच्या जाहिरातीत हे वाक्य तुम्हाला ठळक अक्षरांत सापडणार नाही.

तुमच्या टाकीत नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे वाहते रक्त. बोकडाच्या काळजात रक्त थांबलेले असते. जिवंत गाठीत ते सतत उष्णता वाहून नेत असते. एमआरआयच्या टी-२ चित्रात काळ्या दिसणाऱ्या, तंतुमय गाठी चांगल्या शिजतात, आणि पांढऱ्या दिसणाऱ्या, पाणीदार व रक्ताने भरलेल्या गाठींवर तेवढीच ऊर्जा ओतूनही काही मिळत नाही. फुनाकी यांनी या चित्रावरून गाठींचे तीन प्रकार पाडले, त्यामागे हाच अनुभव आहे. काही ठिकाणी उपचारादरम्यान ऑक्सिटोसिन शिरेतून देतात. त्याने गर्भाशय आकुंचन पावते, गाठीचा रक्तपुरवठा तात्पुरता घटतो आणि त्याच ऊर्जेत जास्त भाग मरतो. पोटावर सिझेरियनचा व्रण असेल तर तो ध्वनी शोषून स्वतः भाजतो, म्हणून किरणांची दिशा बदलावी लागते. आतड्याचे वेटोळे मध्ये आले तर मूत्राशय भरून किंवा गुदाशयात जेल घालून ते बाजूला सारावे लागते. यांतल्या एकाही उपायात ट्रान्सड्यूसरला हात लागत नाही, आणि तरीही कोणत्याही अँप्लिफायरपेक्षा त्यांनी आमची कार्यक्षमता जास्त वाढवली.

सत्राच्या शेवटी आम्ही कॉन्ट्रास्ट देऊन चित्र घेतो आणि गाठीचा किती भाग रक्तपुरवठ्यावाचून काळा राहिला, ते आकारमान मोजतो. रुग्णाला पुढे किती आराम पडेल हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. प्रबंधात तुम्ही कार्यक्षमतेची व्याख्या कराल, तेव्हा ज्यूलबरोबर निवण्यासकटचा एकूण वेळही मांडा, एवढी विनंती आहे.


दूरदेशी_तरंग:

चर्चा वाचून राहवले नाही. मी परदेशातील एका विद्यापीठात याच विषयावर संशोधन करतो आणि वरील दोघांशी बहुतांशी सहमत आहे. एका बाबतीत मात्र मतभेद नोंदवतो, तो बुडबुड्यांबद्दल.

नाभीशोध यांच्या डागाचे डोके ट्रान्सड्यूसरकडे सरकले, याचे कारण नाभीत निर्माण झालेले बुडबुडे हेच आहे. कॅव्हिटेशनमुळे, म्हणजे ध्वनीच्या ऋण दाबाने बुडबुडे उठल्यामुळे, किंवा उकळल्यामुळे वायूची भिंत उभी राहिली की ध्वनी तिच्यावर आपटून अलीकडेच शोषला जातो, म्हणून पलीकडची बाजू कोरी राहते. श्री. आंदोलक यांच्या पद्धतीने शक्ती कमी ठेवली तर हे टळेल, यात शंका नाही. पण बुडबुडा हा केवळ शत्रू नाही. ध्वनीच्या क्षेत्रात थरथरणारा सूक्ष्म बुडबुडा आपल्या आकाराच्या मानाने फार मोठी ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करतो. २००१ मध्ये हॉल्ट आणि रॉय यांनी ऊतींसारख्या पदार्थात दाखवून दिले की कॅव्हिटेशनचा उंबरठा ओलांडला की तापमान अपेक्षेपेक्षा खूप वेगाने चढते. प्रश्न आहे तो बुडबुडे हवे तिथेच आणि हवे तेवढेच होण्याचा.

जपानमध्ये तोहोकू विद्यापीठात यावर जी पद्धत विकसित झाली, ती मला फार देखणी वाटते. आधी अतिशय आखूड पण अतितीव्र स्पंद देऊन नाभीत बुडबुड्यांचा पुंजका तयार करायचा, आणि लगेच पाठोपाठ कमी तीव्रतेची लांब लाट देऊन त्या बुडबुड्यांना फक्त थरथरत ठेवायचे. तीव्र स्पंद इतका आखूड असतो की सरासरी शक्ती वाढत नाही, म्हणून त्वचेवर भार पडत नाही. आणि लांब लाट इतकी सौम्य असते की वाटेत नवे बुडबुडे उठत नाहीत. तुमचा फलन-जनित्र (विद्युत संकेत तयार करणारा फंक्शन जनरेटर) दोन पातळ्यांचे संकेत आलटून पालटून देऊ शकत असेल, तर हा प्रयोग एका वाटीवरही करता येईल.

दुसरा मार्ग लाटेच्या आकाराचा आहे. तीव्रता वाढली की तरंगाचा माथा पायथ्यापेक्षा वेगाने धावतो, तरंग पुढे झुकतो आणि नाभीजवळ त्याचा उभा कडा, म्हणजे आघात-तरंग बनतो. आघाताने होणारे तापन त्याच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते: कडा दुप्पट उंच झाला तर उष्णता आठपट. असे तापन फक्त नाभीत होते, कारण वाटेत कडा तयारच झालेला नसतो. त्याच्या जोरावर ऊती काही मिलिसेकंदांत उकळतात, आणि तेवढ्या वेळात उष्णतेला पाझरायलाही सवड नसते, रक्ताला ती वाहून न्यायलाही नसते. डॉक्टरांनी सांगितलेली वाहत्या रक्ताची अडचण इथे जवळजवळ संपते.

तिसरा मार्ग आणखी टोकाचा आहे: उष्णता सोडूनच द्यायची. मिशिगन विद्यापीठात चार्ल्स केन, झेन शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या हिस्टोट्रिप्सीत काही मायक्रोसेकंदांचे, प्रचंड ऋण दाबाचे स्पंद दिले जातात. पाणीदार ऊतींत हा ऋण दाब २५ ते ३० मेगापास्कलच्या टप्प्यात गेला की बुडबुड्यांचा ढग आपोआप उठतो आणि पेशींचा यांत्रिक चुराडा होतो. ध्वनी एकूण वेळाच्या शेकडा एकापेक्षाही कमी काळ चालू असतो, त्यामुळे निवण्यासाठी थांबणे फारसे उरत नाही. ढग साध्या सोनोग्राफीत लखलखीत दिसतो, आणि कोलॅजनने मजबूत असलेल्या मोठ्या रक्तवाहिन्या व पित्तनलिका पेशींपेक्षा जास्त तग धरतात. यकृतातील गाठींसाठी या पद्धतीला अमेरिकेत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता मिळाली. ज्यूल प्रति घन मिलिमीटर हे एकक इथे अपुरे पडते, कारण मारणारी गोष्ट ज्यूल नसून दाब आहे.

जाता जाता एक इतिहास सांगतो, कारण तो तुमच्या टाकीशी थेट जोडलेला आहे. १९४२ साली लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंद्रित ध्वनीचा पहिला शोधनिबंध लिहिला, तेव्हा त्यांनीही ताज्या काळजाच्या आतला भाग बाहेरून बाधित करून दाखवला होता. पुढे १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातील फ्राय बंधूंनी मेंदूवर काम केले, पण ध्वनी आत जाण्यासाठी त्यांना कवटीचा तुकडा काढावा लागे. आज हातांच्या कंपावर अर्धगोल टोपातील १,०२४ घटकांनी कवटी न उघडता उपचार होतो. प्रत्येक घटकाने ध्वनी किती आधी किंवा उशिरा सोडावा, हे रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून काढले जाते. तिथेही ज्याच्या कवटीच्या सच्छिद्र थराची घनता घन थराच्या मानाने फार कमी, त्याला अधिक ऊर्जा लागते आणि कधी कधी उपचारच नाकारावा लागतो.


सावलीवाचक:

श्री. तरंग यांच्या उत्साहाला गालबोट लावायचे नाही, पण बुडबुड्यांनी उष्णता वाढवण्याच्या पद्धतीत एक धोका आहे, तो विद्यार्थिनीने लक्षात ठेवावा. एमआरआयवर तापमानाचा नकाशा काही सेकंदांनी एकदा मिळतो. बुडबुडे त्यापेक्षा फार जलद उठतात. यंत्राला कळेपर्यंत डाग सरकून गेलेला असतो, आणि त्याचे डोके ज्या दिशेला सरकते त्या दिशेला रुग्णाची त्वचा असते. वाढीव तापनाची पद्धत वापरायची असेल, तर बुडबुडे ऐकण्याची स्वतंत्र सोय असल्याशिवाय ती माणसांवर वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.


नाभीशोध:

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे उत्तर दिले नाही, कारण नुसते आभार मानण्यापेक्षा काहीतरी मोजून सांगावे असे वाटले.

आंदोलक काकांनी सांगितल्याप्रमाणे काटा लावला. अँप्लिफायरवर २० वॅट असताना काट्याने ०.५८ ग्रॅम दाखवले, म्हणजे पाण्यात फक्त ९ वॅट उतरत होते, शेकडा ४५. उरलेल्यातली बरीच वीज परत फिरत होती. आमच्या प्रयोगशाळा साहाय्यकांनी भंगारातल्या फेराइटवर गुंडाळी करून दिली. तिच्याबरोबर धारित्र जुळवल्यानंतर त्याच २० वॅटला काटा ०.९२ ग्रॅमवर गेला, म्हणजे १४ वॅटहून थोडे अधिक, शेकडा ७२. पाण्याबद्दल काय सांगू? मी नळाचेच पाणी वापरत होते, आणि तेही रबरी नळीने फेस येईल असे भरत होते.

त्यानंतर ट्रान्सड्यूसर दोन स्टेपर मोटरींच्या सरकत्या चौकटीवर बसवून नाभी ४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात सतत फिरवली. काळीज हवा काढलेले, ३७ अंशांवर, आणि या वेळी खोली ३ सेंटीमीटरच ठेवली, म्हणजे जुन्या डागाशी तुलना करता यावी. पाण्यात उतरणारी शक्ती २५ वॅट, वेळ ३० सेकंद. डाग सरासरी ६ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर लांब, म्हणजे सुमारे १८८ घन मिलिमीटर भरला, आणि त्याला बेडकाचे डोके नव्हते. ध्वनीचे ७५० ज्यूल धरले तर दर घन मिलिमीटरला ४ ज्यूल. जुन्या मांडणीत हाच आकडा ७ होता. अँप्लिफायरमधून ओढलेली वीज जवळजवळ तेवढीच, हजारएक ज्यूल, आणि मेलेला भाग तिप्पट. मात्र यात तापमान, पाणी आणि फिरती नाभी हे तीन बदल एकत्र आहेत, त्यामुळे श्रेय कोणाला किती द्यायचे हे अजून सांगता येत नाही. नमुनेही तीनच आहेत. डॉक्टरांच्या सूचनेनुसार पृष्ठभागाचे तापमान पूर्ववत होईपर्यंतचा वेळही घड्याळ लावून लिहायला सुरुवात केली आहे.

तरंग सरांच्या दोन पातळ्यांच्या संकेताकडे वळण्यापूर्वी एक विचारते: बुडबुडे ऐकायचे म्हणजे कोणत्या वारंवारतेला कान लावायचा?


दूरदेशी_तरंग:

तुमच्या १ मेगाहर्ट्झच्या वाटीसाठी अर्ध्या मेगाहर्ट्झवर. बुडबुडे स्थिर लयीत थरथरत असतील तर तिथे उपसंनादी स्वर उमटतो. ते कोसळू लागले की सगळ्याच वारंवारतांवर खरखर पसरते. निकामी झालेल्या सोनोग्राफी प्रोबचा एखादा जिवंत घटक टाकीच्या कडेने, नाभीकडे तोंड करून लावा. महागडा पडद्याचा हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला ध्वनी मोजणारा संवेदक, या शक्तीला नाभीत नेऊ नका. पहिल्याच स्पंदात तो जाईल.


जुना_आंदोलक:

गुंडाळी गरम होते का, हे पुढच्या खेपेला हात लावून नव्हे, तापमापीने पाहा. आणि तीन बदल सुटे करायचे असतील तर नाभी स्थिर ठेवून, बाकी सगळे नवे, असा एक संच आधी करा. मला वाटते जुना आकडा त्यातच पाचाच्या आसपास येईल. चुकलो तर इथे जरूर लिहा.